डोहाकांठचा हिंवाळा

हिंवाळा सर्व देशांत सारखाच येत नाहीं. कोठें तो पाहुण्याप्रमाणें चार दिवस राहून निघून जातो, तर कोठें घरधन्याप्रमाणें पांच-सहा महिने ठाण मांडून बसतो. फिनलंड, कॅनडा, रशिया किंवा अमेरिकेंतील मिनेसोटा अशा उत्तरेकडील मुलखांत या दिवसांत सरोवरेंच्या सरोवरें गोठतात आणि उन्हाळ्यांत जेथें होड्या चालत तेथें माणसें पायीं हिंडूं लागतात. तथापि अशा वेळींही तेथील लोक मासेमारी सोडीत नाहींत. हातांतील पहारेनें पुढचा बर्फ ठोकून पाहत, मागें लहानशी घसरगाडी ओढीत ते सरोवरावर जातात. मोठ्या गिरमिटानें बर्फास वीतभर रुंदीचें भोंक पाडतात. त्यांत पुन्हां पुन्हां सांचणारा बर्फाचा चुरा झाऱ्यानें काढून टाकतात. आणि आंखूड काठीला बांधलेला गळ खालच्या काळ्या पाण्यांत सोडून तासच्या तास बसून राहतात. दक्षिण कोरियांतील ह्वाचॉन येथें तर या मासेमारीची जत्राच भरते; तिचा आरंभ २००३ सालीं झाला.

बर्फाखालीं मासा जगतो कसा, असा प्रश्न विद्यार्थ्यांच्या मनांत येणें साहजिक आहे. त्याचें उत्तर पाण्याच्या एका विलक्षण गुणांत आहे. बहुतेक पदार्थ थंड होत जातात तसतसे जड होत जातात. पाणीही तसेंच जड होतें, परंतु ४ अंश सेल्सिअसपर्यंतच. त्याहून थंड झालें कीं तें पुन्हां हलकें होऊं लागतें, आणि बर्फ तर पाण्याहून इतका हलका कीं तो वरच तरंगतो. म्हणून सरोवर वरून खालीं गोठत जातें. वरचा बर्फ पांघरुणासारखा पडून राहतो, आणि तळाशीं ४ अंशांच्या आसपासच्या पाण्यांत मासे मंदपणें हालचाल करीत हिंवाळा काढतात. पाण्याचा हा एक गुण नसता, तर थंड देशांतील तळीं तळापासून गोठलीं असतीं आणि त्यांत एकही मासा उरला नसता.

या लोकांच्या हकीकती वाचतांना आमचें लक्ष विशेष वेधून घेतलें तें त्यांच्या तयारीनें. बर्फ पडण्यापूर्वीच ते गिरमिटाचीं पातीं धार लावून ठेवतात, दोर तपासतात, गंजलेले गळ टाकून देतात, कपड्यांची व विस्तवाची सोय पाहतात. स्वच्छ, टणक बर्फाची जाडी निदान ४ इंच भरल्यावांचून त्यावर पाऊल टाकूं नये, हा त्यांचा दंडक आहे. पाय घसरून पाण्यांत पडलें तर बर्फाच्या कडेला धरून वर येतां यावें म्हणून ते दोन अणकुचीदार टोंचे गळ्यांत अडकवून ठेवतात. थंडी कोणासाठीं थांबत नाहीं, म्हणून तिच्या आधीं आपण सिद्ध असावें, हें त्या लोकांस कोणी शाळेंत शिकविलेलें नाहीं. थंडीनेंच शिकविलें आहे.

आतां वाचक विचारतील, जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत वाढलेल्या आम्हांस या बर्फाशीं काय कर्तव्य? आमच्याकडे पाणी कधीं गोठलें नाहीं. पौषांत पहाटे अंगावर कांटा येतो, दंवानें गवत भिजून जातें, शेकोटीभोंवती घोंगडी पांघरून म्हातारीं माणसें बसतात, एवढीच आमची थंडी. परंतु हिंवाळ्याची मासेमारी आमच्याकडेही आहे, आणि तिची तयारीही आहे. ती तयारी आम्हीं लहानपणीं डोळ्यांनीं पाहिली, हातांनीं थोडी केली. तिच्याविषयीं चार शब्द लिहावे असें पुष्कळ दिवस मनांत होतें.

प्रथम आमच्या मुलखाविषयीं सांगितलें पाहिजे. जव्हार हें समुद्रसपाटीपासून सुमारें १,५०० फूट उंचीवर वसलेलें गांव. येथें मुकणे घराण्याचें संस्थान होतें. तें १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. पुढें हा भाग ठाणे जिल्ह्यांत होता, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर हा नवा जिल्हा झाला तेव्हां जव्हार व मोखाडा हे दोन्ही तालुके त्यांत गेले. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी या समाजांची येथें वस्ती. डोंगरउतारावर नागली व वरई, खालच्या खाचरांत भात, अशी शेती. वर्षाला शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो. परंतु जमीन उताराची आणि खालीं काळा खडक, त्यामुळें तें सारें पाणी ओढ्यांवाटे धांवत सुटतें. वैतरणा, पिंजाळ, सूर्या, वाघ, लेंडी अशा नद्या या पाण्यानें फुगतात. दाभोसा येथें लेंडी नदी कड्यावरून उडी घेते तें दृश्य पाहावयास पावसाळ्यांत लांबून माणसें येतात. तेच लोक चैत्र-वैशाखांत आले, तर या मुलखांतल्या बाया डोक्यावर हंडे घेऊन दूरवरच्या झऱ्याकडे जातांना त्यांस दिसतील. इतका पाऊस आणि इतकी तहान हीं दोन्हीं एकाच ठिकाणीं नांदतात!

या दोहोंच्या मध्यें हिंवाळा येतो. दिवाळीनंतर नदीचा ओघ बारीक होत जातो. खडकांत पाण्यानें कोरलेले रांजणखळगे उघडे पडतात आणि वांकणावांकणावर खोल डोह तेवढे भरलेले राहतात. पावसाळ्यांत जे मासे खाचरांत, ओढ्यांत, थेट बांधाच्या कडेपर्यंत पसरलेले असतात, ते पाण्याबरोबर मागें सरतात आणि या डोहांत गोळा होतात. उत्तरेकडे वरचा बर्फ माशांना तळाशीं कोंडतो. आमच्याकडे आटत जाणारें पाणी त्यांना डोहांत कोंडतें. कारण निराळें, पण परिणाम एकच. हिंवाळ्यांत मासा कोठें आहे हें माणसाला पक्कें ठाऊक असतें.

म्हणूनच आमच्या पाड्यांत मासेमारीची तयारी पावसाळा ओसरतांना सुरू होई. तिचा कारभार आमच्या आजाकडे असे. पहिलें काम बांबूचें. आजा वद्य पक्षांतच बांबू तोडी. चांदण्यांत तोडलेल्या बांबूला भुंगा लवकर लागतो, असें तो म्हणे. मग त्या कांबी ओढ्यांत दगडाखालीं दाबून पंधरा-वीस दिवस ठेवल्या जात. पुढें शाळेंत आल्यावर आम्हांस कळलें कीं बांबूंतील पिठूळ व गोड अंशावर भुंगा जगतो, आणि पाण्यांत भिजविल्यानें तो अंश निघून जातो. आजाला हें कारण ठाऊक नव्हतें. परंतु कृति ठाऊक होती, आणि त्याच्या हातची टोपली दहा-दहा वर्षें टिके.

भिजलेल्या बांबूच्या कामट्या तासून त्यांचा माशांचा सांपळा विणीत. वरून पाहिलें तर तो लांबट टोपलीसारखा दिसे. पण त्याच्या तोंडाशीं आंत वळलेल्या, टोंकदार कामट्यांचा एक निमुळता घसा असे. पाण्याच्या जोरानें मासा त्या घशांतून सहज आंत शिरतो. परततांना मात्र कामट्यांचीं टोंकें आडवीं येतात. या सांपळ्याचें तोंड कोणत्या दिशेस ठेवावयाचें यांतच सारें शहाणपण. मृगाच्या पहिल्या पावसांत मासे अंडीं घालण्यासाठीं प्रवाहाविरुद्ध वर चढतात. त्या चढणीला आमच्या बाजूस वलगण म्हणतात. तेव्हां सांपळ्याचें तोंड खालच्या अंगाला हवें. आश्विन-कार्तिकांत खाचरांचें पाणी सोडतात आणि मासे खालीं उतरतात. तेव्हां तोंड वरच्या अंगाला हवें. आजा वलगणीच्या दिवसांत सांपळा फार थोडा लावी. “आता ती माहेरपणाला निघालीय, वाट अडवू नये,” असें तो हंसत म्हणे. पोटांत अंडीं असलेली मासळी ही जणूं त्याची लेकच होती.

दुसरें काम पागाचें. पाग म्हणजे भोंवळ देऊन पाण्यावर फेंकावयाचें गोल जाळें. त्याच्या कडेला शिशाच्या मण्या ओंवलेल्या असतात, त्यामुळें तें छत्रीप्रमाणें पसरून पडतें आणि कडा तळाला टेंकते. आजाचा पाग सुती दोऱ्याचा होता. तो पाण्यांत कुजूं नये म्हणून दर वर्षीं ऐनाच्या सालीचा काढा करून त्यांत भिजवावा लागे. त्या दिवशीं सारें आंगण तुरट वासानें भरून जाई आणि जाळें तांबूस काळें होऊन वळणीवर वाळत पडे. मग आजा एकेक घर बोटांवर घेऊन तपाशी, तुटलेलें पुन्हां विणी. विणण्यास बांबूची चपटी सुई आणि माप म्हणून बांबूचीच एक पट्टी असे. ही पट्टी दोन बोटें रुंद होती. प्रत्येक गांठ मारतांना दोरा या पट्टीभोंवती फिरवावयाचा, म्हणजे जाळ्याचें प्रत्येक घर एकाच मापाचें होतें. ती पट्टी आजाला त्याच्या बापाकडून मिळाली होती आणि हाताळून हाताळून शिंगासारखी गुळगुळीत झाली होती.

आम्हीं एकदां आजाला विचारलें, “आजा, एवढी मोठी घरं कशाला? बारीक मासे सारे निसटून जातील ना?” आजानें सुई थांबविली नाहीं. तो म्हणाला, “पोरा, निसटलेला मासा पुढच्या पावसात मोठा होऊन येतो. खाल्लेला येत नाही.” आम्हांस तेव्हां हें बोलणें विनोदाचें वाटलें. आज त्या दोन बोटांच्या पट्टींत आमच्या पाड्याचा एक अलिखित कायदाच होता, असें आम्हांस वाटतें.

मुलांच्या वाट्याला गळ येत. दोरीला मोरपिसाच्या दांड्याचा बोया, खालीं शिशाचा तुकडा, त्याखालीं गळ, अशी आमची सामग्री. जुने गळ दगडावर घासून त्यांस धार लावावयाची, गुंता सोडवावयाचा, दोरी ओढून तिचा जोर पाहावयाचा, हीं कामें आम्ही मोठ्या ऐटींत करीत असूं. आई व काकू कामट्यांच्या उथळ टोपल्या शेणानें न सारवतां तशाच चुलीवरच्या माळ्यावर धुरांत ठेवीत. धुरानें बांबू काळा पडतो, पण कीड लागत नाहीं. अशा रीतीनें भात खळ्यावर येईपर्यंत घरांतील मासेमारीचें एकूणएक साहित्य सिद्ध झालेलें असे.

भाताची झोडणी उरकली, नागली कणगींत पडली, रात्रीं तारप्याच्या सुरावर नाच सुरू झाले, कीं एखाद्या दिवशीं आजा म्हणे, “उद्या डोहावर.” एवढे दोन शब्द पुरत. पहाटेच्या थंडींत निघण्यांत अर्थ नसे, कारण मासा हा थंड रक्ताचा प्राणी. पाणी गार असतां तो तळाशीं सुस्त पडून राहतो. ऊन वर आलें, उथळ पाणी कोंवट झालें, म्हणजे कडेला चरावयास येतो. म्हणून न्याहारी करून, ऊन डोंगराखालीं उतरल्यावर आम्ही सारीं निघत असूं. पुरुषांच्या खांद्यावर पाग, बायांच्या डोक्यावर टोपल्या, आमच्या हातांत गळाच्या काठ्या, आणि एका फडक्यांत नागलीच्या भाकऱ्या, मीठ व मिरच्या.

डोहावर पोंचल्यावर प्रत्येकाची जागा ठरलेली असे. बाया उथळ पाण्यांत ओळीनें उभ्या राहून टोपल्या गवताच्या मुळांशीं खुपशीत आणि झटकन् वर उचलीत. त्यांत झिंगे व बोटभर मळे तडफडत असत. लहान मुलें दगड उलथून खेकडे धरीत. खेकड्याची मादी हातीं लागली, तर आजी तिला उताणी करून पाही. पोटाच्या झडपेखालीं अंडीं किंवा पिलें दिसलीं कीं तीं पुन्हां पाण्यांत सोडून देई. पुरुष खडकावरून पाग टाकीत. पाग टाकणें दिसावयास सोपें, पण त्यास कमरेचा, मनगटाचा आणि श्वासाचाही मेळ लागतो. जाळ्याची कडा दांतांत धरून, अंग वळवून तें फेंकावयाचें; सांवली पाण्यावर पडतां कामा नये, पायाखालचा दगड हलतां कामा नये. जाळें ओढून वर आणलें म्हणजे त्यांत खवले चमकत, आणि एखादा शिंगाडा आपल्या कांट्यांनीं घरांत अडकून बसलेला असे. त्याला सोडवितांना बोट फुटणार नाहीं असा माणूस आमच्या पाड्यांत तरी नव्हता.

डोहाचा मधला, सर्वांत खोल भाग मात्र कोणी ढवळीत नसे. तेथें कपारींत वाम राहते, मोठी मरळ राहते, असें सांगत. मरळीची एक गोष्ट आजानें आम्हांस दाखविली होती. पावसाळ्यांत तिचीं पिलें पाण्याच्या पृष्ठभागाजवळ तांबूस पुंजक्यानें फिरतात आणि आईबाप त्यांच्या खालीं राखणीस असतात. त्या वेळीं मोठी मरळ मारणें सोपें असतें, कारण ती पिलें सोडून पळत नाहीं. पण ती मारली कीं पाठोपाठ सारा पुंजका इतर माशांच्या तोंडीं जातो. एका माशाच्या लोभानें शेंकडों मासे नाहींसे होतात, हा हिशेब आजाला बोटांवर करतां येई.

दुपारीं नदीकांठींच चूल मांडून कांहीं मासे पानांत गुंडाळून निखाऱ्यांत भाजीत आणि भाकरीबरोबर खात. जें उरे त्याची समान वांटणी होई. ज्या घरांतील पुरुष आजारी असे किंवा जेथें नुकतीच बाळंतीण असे, त्या घरचा वांटा आधीं काढून ठेवीत. बोटभर मासे आम्ही कांट्यांसकट खात असूं. आज वैद्यकशास्त्र सांगतें कीं अशा लहान माशांतून प्रथिनें तर मिळतातच, शिवाय हाडांतला चुनाही मिळतो; आणि नागलींतही चुना विपुल असतो. नागलीची भाकरी आणि डोहांतले मासे हें गरिबाचें जेवण वाढत्या मुलाच्या हाडामांसाला किती उपयोगी होतें, हें कळल्यावर आम्हांस आमच्या आजीच्या स्वयंपाकाविषयीं नवा आदर वाटूं लागला.

हा आदर केवळ कौतुकाचा नाहीं. १९९२ सालीं जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी येथें कुपोषणानें बालकें दगावलीं आणि साऱ्या महाराष्ट्राचें लक्ष या डोंगराकडे वळलें. वृत्तपत्रांतून लेख आले, मंत्र्यांच्या गाड्या आल्या, योजना आल्या. त्यांपैकीं पुष्कळ योजनांचा उपयोगही झाला. परंतु मुलाच्या ताटांत रोज काय पडतें, हा प्रश्न शेवटीं घरांत, शेतांत आणि नदींतच सुटावयाचा असतो. जेथें दूध नाहीं, डाळ महाग, तेथें नदींतला मासा हा चैनीचा पदार्थ नव्हे. तें मुलाचें औषधच आहे. म्हणून डोह रिकामा होणें ही आमच्या दृष्टीनें लहान गोष्ट नाहीं.

आणि डोह रिकामे होत आहेत. आमच्या पाड्याखालच्या डोहाची हकीकत सांगतों. एका मार्गशीर्षांत आम्ही नेहमींप्रमाणें पाग घेऊन उतरलों, तों पाण्यावर पांढरीं पोटें तरंगत होतीं. लहान, मोठे, खाण्याजोगे, न खाण्याजोगे, सारे मासे. खेकडे कडेला येऊन मेलेले. बेडूकसुद्धां उताणे पडलेले. आदल्या रात्रीं कोणीतरी पाण्यांत विषारी पूड टाकली होती, मोठे मासे वेंचून नेले होते आणि बाकीचे तेथेंच सोडले होते. आजा बराच वेळ खडकावर बसून राहिला. मग त्यानें पाग खांद्यावर टाकला आणि कांहीं न बोलतां चढ चढूं लागला. त्या वर्षीं आमचा पाग भिजला नाहीं. पुढचीं तीन वर्षें त्या डोहांत मरळ दिसली नाहीं.

आमच्या पूर्वजांनींही वनस्पतींचा उपयोग करून मासे धरले आहेत, हें खरें. गेळ्याचीं फळें ठेंचून उथळ पाण्यांत टाकलीं कीं मासे गुंगतात, ही जुनी विद्या आहे. परंतु ती लहानशा, आटणाऱ्या डबक्यांत, चार घरांनीं मिळून, वर्षाकांठीं एखादे वेळीं करावयाची गोष्ट होती. बाजारांतील जंतुनाशक पूड, सुरुंगाची दारू किंवा विजेची तार यांना ती मर्यादा नाहीं. सुरुंगानें व विषानें मासे मारण्यास १८९७ सालच्या भारतीय मत्स्य अधिनियमानेंच मनाई केली होती. म्हणजे हा दुराचार जुना आहे आणि त्याविरुद्धचा कायदाही जुना आहे. परंतु ओढ्याओढ्यावर शिपाई उभा करतां येत नाहीं. तेथें उभें राहावें लागतें तें गांवाच्या मतानें.

दुसरें संकट अधिक अवघड आहे, कारण त्यांत कोणा एकाचा अपराध नाहीं. दिवाळी झाली, खळें आटोपलें, कीं आमच्या मुलखांतील कित्येक कुटुंबें भिवंडी, वसई, वाडा इकडील वीटभट्ट्यांवर जातात. लग्नासाठीं किंवा दुखण्यासाठीं घेतलेली उचल फेडण्यास दुसरा मार्ग नसतो. ट्रकमध्यें भांडीं, कोंबड्या आणि मुलें एकत्र बसतात, घराला कूड लावतात, आणि माळ्यावर काळवंडलेल्या टोपल्या व सांपळे तसेच राहतात. ज्या ऋतूसाठीं हें साहित्य तयार केलें, त्याच ऋतूंत त्याचा मालक दुसऱ्यासाठीं माती मळीत असतो. मुलाची शाळा अर्ध्यावर सुटते. आणि पांच-सात वर्षें असें झालें, म्हणजे मुलाला पागही टाकतां येत नाहीं आणि पुस्तकही वाचतां येत नाहीं. हें दुहेरी नुकसान आम्हीं आमच्या बरोबरीच्या मुलांत पाहिलें आहे.

नद्याही बदलल्या आहेत. मोखाडा तालुक्यांत कोचाळे येथें वैतरणेवर मध्य वैतरणा धरण झालें. १०० मीटरांहून उंच असें तें धरण २०१४ सालीं कामास लागलें आणि त्यांतून मुंबई शहराला दररोज सुमारें ४५ कोटी लिटर पाणी पुरविण्याची योजना आहे. मुंबईच्या मुलांना पाणी मिळावें याविषयीं कोणाचें दुमत असणार? परंतु एवढ्या उंच भिंतीवर वलगणीचा मासा चढूं शकत नाहीं, हेंही तितकेंच खरें. धरणामागील अथांग पाण्यांत खडकावरून टाकावयाचा पाग कामाचा नाहीं. तेथें होडी लागते, लांब उभीं जाळीं लागतात, निराळी विद्या लागते. ज्यांच्याजवळ डोहाची विद्या होती, त्यांना ही नवी विद्या शिकविणें हें आजचें काम आहे. जाळींही आतां नायलॉनचीं आलीं आहेत. त्यांना ऐनाचा काढा लागत नाहीं, तीं कुजत नाहींत, ही मोठी सोय आहे. पण तींच जाळीं खडकाला अडकून तुटलीं तर तेथेंच राहून वर्षानुवर्षें मासे मारीत राहतात. शिवाय मच्छरदाणीसारखीं बारीक घरें असलेलीं जाळीं स्वस्तांत मिळतात, आणि त्यांतून बोटाएवढें पिलूंही सुटत नाहीं. यंत्रावर विणलेल्या जाळ्याला आजाची पट्टी कोण लावणार?

असो. हें सारें वाचून वाचकांनीं निराश व्हावें असा आमचा हेतु नाहीं. आमच्या मुलखानें मासा व जाळें यांना जगांत मोठा मान मिळवून दिला आहे. डहाणू तालुक्यांतील वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ सालीं पद्मश्री हा किताब मिळाला. ते २०१८ सालीं निवर्तले. त्यांचें मासेमारीच्या जाळ्याचें चित्र देशोदेशींच्या लोकांनीं वाखाणलें. शेणानें सारवलेल्या कापडावर पांढऱ्या रंगाच्या बारीक रेषांनीं त्यांनीं असंख्य घरें असलेलें प्रचंड जाळें काढलें. तें चित्र आम्हीं छापील स्वरूपांत पाहिलें तेव्हां ज्या हातानें तीं घरें काढलीं तो हात कधींतरी खरें जाळें धरलेला असला पाहिजे, असें मनांत आलें. ज्या गोष्टीला आम्ही घरांत माळ्यावर टाकून देतों, ती पाहावयास लोक तिकीट काढून जातात!

आमच्या शाळेंतील बरेच विद्यार्थी याच डोंगरांतून आलेले आहेत. त्यांना आमचें सांगणें एवढेंच कीं, सुटींत घरीं जाल तेव्हां आजोबांच्या जवळ बसा आणि सांपळ्याचा घसा कसा विणतात तें एकदां हातानें करून पाहा. विज्ञानाच्या तासाला जें शिकलां तें त्यांना सांगा, आणि त्यांना जें ठाऊक आहे तें वहींत उतरून घ्या: कोणत्या महिन्यांत कोणता मासा कोठें असतो, कोणत्या डोहांत पूर्वी काय मिळे, आतां काय मिळतें. अशी एक वही प्रत्येक पाड्यांतून आली, तर आमच्या नद्यांचा जो इतिहास आज कोणत्याच पुस्तकांत नाहीं, तो आपल्या शाळेंत तयार होईल.

पालकांनाही एक विनंति आहे. भट्टीवर जाणें टळत नसेल, तर निदान मुलाला शाळेच्या आधारानें मागें ठेवा. आजी-आजोबा असतील, नातलग असतील, वसतिगृह असेल. आणि ग्रामसभा भरेल त्या दिवशीं डोहाचा विषय काढा. अमुक एका डोहांत कोणी पूड टाकावयाची नाहीं, पहिल्या पावसाचे कांहीं दिवस सांपळा लावावयाचा नाहीं, दोन बोटांहून बारीक घराचें जाळें डोहांत घालावयाचें नाहीं, एवढें गांवानें मिळून ठरविलें, तर त्याला पैसा लागत नाहीं, सरकारी मंजुरी लागत नाहीं. फक्त एकमेकांवर विश्वास लागतो.

थंड देशांतील मासेमार बर्फावर पाऊल टाकण्यापूर्वी त्याची जाडी मापतो, कारण तेथें चूक झाली तर त्याचा स्वतःचा जीव जातो. आमच्या डोहावर चूक करणाऱ्याला त्या दिवशीं कांहीं होत नाहीं; उलट त्याची टोपली भरते. शिक्षा पुढच्या हिंवाळ्यांत होते, आणि ती दुसऱ्याच कोणाच्या तरी मुलाला भोगावी लागते. म्हणून आमच्याकडील तयारी गळ, पाग आणि सांपळा यांवर संपत नाहीं. डोह राखणें हीही तयारीच आहे. किंबहुना ती आधींची तयारी आहे. आजा आज हयात नाहीं. त्याचा सुती पाग केव्हांच जीर्ण होऊन गेला. ती दोन बोटांची पट्टी मात्र आमच्या घरीं आहे, आणि गेल्या पावसाळ्यांत आमच्या धाकट्या पुतण्यानें तिच्या मापानें आपलें पहिलें जाळें विणलें आहे. त्याच्या गांठी अजून सैल बसतात. पण घरें मात्र सारीं एका मापाचीं आलीं आहेत.